मागच्या सीटवर माणूस

त्या गाडीच्या मागच्या सीटवर माणूस बसतो की नाही, हा प्रश्न खरं तर कुणी विचारलाच नव्हता. गाडी बनवणाऱ्यांनी सीट दिली होती, सीटला पट्टे दिले होते, आणि माहितीपुस्तकात चार हसऱ्या माणसांचं चित्रही छापलं होतं. पण गाडी घेणाऱ्या बाईंचे यजमान वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. छापलेल्या मजकुरावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच त्यांना आयुष्यभर पगार मिळाला होता. गाडी दारात आली तेव्हा शेजारीपाजारी तिच्याभोवती कौतुकानं जमले, आणि निरीक्षक पोलादी टेप घेऊन आत शिरले. त्यांनी मागच्या सीटची लांबी घेतली, रुंदी घेतली, गुडघ्यांसाठी उरणारी जागा दोनदा मोजली आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मागे माणूस बसत नाही. सामान बसतं."

गाडी होती बाजारातली सगळ्यात स्वस्त. विजेवर चालणारी, लिंबाच्या रंगाची, दोन दारांची. मागे जायचं तर पुढची डावी सीट वाकवावी लागे, आणि ती वाकवायला साधा दांडा नव्हता, बटण होतं. बटण म्हणजे तरी काय, समोरच्या काचेच्या पडद्यावरचं एक चित्र. ते दाबलं की गाडी आधी विचार करी, मग सीट वाकवी. स्वस्त गाडीत एवढी अक्कल भरली होती, की ती बाहेर काढायला माणूस लागे.

बाई अठ्ठावीस वर्षं बसस्थानकाच्या नियंत्रण कक्षात माईकसमोर बसल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली दीड तास उशिरानं धावते आहे, आणि प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल कोण दिलगीर आहे, हे सगळं गावानं त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. जगाला गाडीत बसवून झालं की बाई स्वतः चालत घरी यायच्या, कारण घर स्थानकाच्या मागेच होतं. निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे तीनदा घासले. चौथ्यांदा फडताळ उघडलं तेव्हा त्यांना स्वतःचीच भीती वाटली. त्या डबा खाली ठेवून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. परवाना तिसऱ्या खेपेला मिळाला, पण मिळाला. आता मोबाइलच्या ॲपवर नाव नोंदवायचं आणि लोकांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी नेऊन पोचवायचं, एवढं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

ॲपच्या फॉर्ममध्ये एकोणीस प्रश्न होते. अठरा निर्विघ्न पार पडले. एकोणिसावा होता, 'मागील आसनाचा वापर', आणि खाली दोन चौकोन: 'प्रवासी' आणि 'सामान'. बाईंचा अंगठा 'प्रवासी'वर टेकणार, तोच मागून निरीक्षकांचा आवाज आला.

"अगं, खोटं लिहितेस? फॉर्मवर?"

त्या घरात बोलताना थोडंफार इकडचं तिकडे झालं तर चालत असे. जावयांच्या गाण्याला सगळेच छान म्हणत. पण फॉर्मवर खोटं म्हणजे फारच झालं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, आणि 'सामान'वर बरोबरची खूण केली. असेल माहितीपुरतं, असं त्यांना वाटलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'अभिनंदन! आपली गाडी मालवाहू गटात नोंदवली गेली आहे. एकदा पाठवलेली माहिती बदलता येत नाही.'

"पण खरी माहिती गेली," निरीक्षक म्हणाले.

आता यात गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं, कारण गाडीवर आधीच एक करार झालेला होता. मुलीचा विरोध होता. "लोक काय म्हणतील ते राहू दे, आई, तुला गाडी मागे घेता येत नाही," असं ती फोनवर म्हणाली होती आणि ते खरंच होतं. जावयांचा मात्र विरोध नव्हता. जावई अतिशय सालस. "आई, तुम्ही अवश्य करा. नाहीच जमलं तर गाडी आम्ही घेऊन जाऊ, तुम्ही मुळीच काळजी करू नका," असं ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच एवढी काळजी घेतली, की आठवड्याच्या आत स्टिअरिंगला घालायचं कव्हर पाठवून दिलं. रंग त्यांच्या आवडीचा होता. शेवटी असं ठरलं, की महिन्याभरात बाईंनी एक तरी प्रवासी नेला तर गाडी बाईंची, नाहीतर जावयांची. पंच म्हणून निरीक्षकांना नेमलं, कारण ते कुणाची बाजू घेणार नाहीत याची दोन्हीकडच्यांना खात्री होती. बाईंना तर जरा जास्तच होती.

"प्रवासी कशाला म्हणायचं ते आधी ठरवू," पंच म्हणाले, आणि त्यांनी वहीत लिहून काढलं: जो स्वतःच्या इच्छेनं बसला, ज्यानं स्वतःच्या नावानं बुकिंग केलं, आणि जो ठरल्या ठिकाणी उतरला, तो प्रवासी. बाईंनी सही केली. त्या वेळी त्यांना यात कठीण असं काहीच दिसलं नाही.

पहिलं बुकिंग आलं ते एका कपड्यांच्या दुकानाचं. माल: पुतळे, नग दोन. काचेत कपडे घालून उभे करतात ते. एक आडवा मावला, दुसऱ्याला मागच्या सीटवर बसवावं लागलं. गाडी सुरू केली तर ती किंचाळायला लागली, मागचा पट्टा लावा, पट्टा लावा. ॲपच्या मते मागे सामान होतं, गाडीच्या मते माणूस. दोन्ही सॉफ्टवेअरांमध्ये वाटण्या झालेल्या भावांएवढाच संवाद होता. बाईंनी उतरून पुतळ्याला पट्टा बांधला आणि त्या निघाल्या. फाटकात वरच्या मजल्यावरचे बँकवाले काका भेटले. ते बँकेत व्यवस्थापक होते आणि निवृत्तीनंतरही सल्ल्याचं खातं त्यांनी चालू ठेवलं होतं. "वा वा, पहिलं गिऱ्हाईक!" म्हणत त्यांनी वाकून मागच्या काचेतून नमस्कार केला. संध्याकाळी ते मुद्दाम खाली आले.

"वहिनी, राग मानू नका, पण असली माणसं घेत जाऊ नका. मी दोनदा नमस्कार केला, मान म्हणून हलवली नाही."

"तो पुतळा होता हो."

"असेल. पण शिष्टपणा दिसतोच."

पंचांनी पुतळा प्रवासी म्हणून फेटाळला. 'इच्छा' या मुद्द्यावर.

मग माल येतच राहिला. एक शिडी आली, ती गाडीच्या दोन्ही खिडक्यांतून बाहेर राहिली आणि बाईंनी अर्धा रस्ता 'बाजूला व्हा' असं ओरडत पार केला. आवाज बसस्थानकाचा, त्यामुळे लोक बाजूला तर झालेच, वर दोघातिघांनी फलाट कोणता म्हणून विचारलं. एक जोडगादी आली. ती छपरावर बांधली आणि वळणावर घरंगळून समोरच्या काचेवर आली. 'नको' म्हणायची सोय नव्हती. तीन बुकिंगं नाकारली की खातं बंद, असा नियम होता. आणि खातं बंद झालं तर प्रवासी मिळायची उरलीसुरली आशाही गेली. म्हणून बाईंनी एकही नाकारलं नाही. रोज सकाळी आठला त्या केस बांधून, ओढणी खोचून गाडीत बसत, आणि मिळेल ते उचलत. गुडघे दुखत, खांदे भरून येत, पण घरी आल्यावर त्या कधी हुश्श म्हणाल्या नाहीत. हुश्श म्हटलं असतं तर निरीक्षकांनी ते वहीत लिहिलं असतं.

"रस्त्यात कुणी हात दाखवला तर बसवून टाका की," बँकवाले काकांनी सुचवलं.

"बुकिंगशिवाय माणूस नेला की परवाना जातो. कलम बारा," निरीक्षक म्हणाले. त्यांनी ॲपच्या सगळ्या अटी वाचल्या होत्या. जगात त्या अटी पूर्ण वाचणारा हा एकटाच माणूस असावा.

काकांनी मग स्वतः बुकिंग करून पाहिलं. गाडी समोर दारात उभी, आणि ॲपनं चौदा मिनिटांवरची दुसरीच बोलावली. मालवाहू गाडी माणसांना दिसतच नव्हती. काका त्या दुसऱ्या गाडीत बसून बाजारात जाऊन भाजी घेऊन आले. ड्रायव्हर बोलायला फार चांगला होता, हे त्यांनी परत आल्यावर बाईंना दोनदा सांगितलं.

बाईंनी तक्रार केली नाही असं नाही. तक्रारीसाठी ॲपमध्ये एक खिडकी होती, आणि खिडकीत माणसाऐवजी एक यंत्र. बाईंनी त्याला रीतसर पत्र लिहिलं, महोदय वगैरे घालून. यंत्रानं लिहिलं, 'आपली अडचण आम्हाला समजली आहे. कृपया निवडा: एक, सामान फुटलं. दोन, सामान हरवलं. तीन, सामान भिजलं. चार, इतर.' बाईंनी चार दाबलं. यंत्र म्हणालं, 'आपली अडचण आम्हाला समजली आहे. कृपया निवडा.' सकाळी अकरापासून जेवायच्या वेळेपर्यंत बाई चार दाबत राहिल्या. निरीक्षक मागे उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आदर होता.

"हे आमच्या खात्याला कधी जमलं नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे निदान शिपाई तरी भेटायचा."

विसाव्या दिवशी माशांची पेटी आली. काचेची, पाण्यानं भरलेली, आत सात मासे. मालक मागून मोटरसायकलवर. पेटी ठरल्या घरी सुखरूप पोचली, बाईंनी सीट वाकवायचं बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'अपडेट सुरू आहे. गाडी चालवता येईल. आसनं हलणार नाहीत.' खाली आकडा, दोन टक्के. तासाभरानं तीन टक्के झाले. मालक खिडकीतून हात घालून माशांना खाणं टाकू लागला. घरातली माणसं एकेक करून बाहेर येऊन बसली. शेवटी बाई मासे आणि मालक अशी वरात घेऊन शोरूमला गेल्या. तिथल्या मेकॅनिकनं एक वायर लावली, लॅपटॉपवर बोटं चालवली आणि अपडेट गुंडाळलं.

"मॅडम, ही गाडी चांगली आहे," तो म्हणाला, "फक्त तिला अधूनमधून शिकायचं असतं."

"तिला म्हणावं, मी उतरल्यावर शीक."

मासे जिवंत होते, तेव्हा ते प्रवासी धरायचे का, यावर घरी गंभीर चर्चा झाली. पंचांनी बराच विचार केला. पण बुकिंग माशांच्या नावावर नव्हतं.

त्या दिवशी मात्र बाईंचं मन खचलं. दहा दिवस उरले होते. जावयांचा फोन आला होता, "आई, सीट कव्हरं मागवली आहेत, घाई मुळीच नाही, एकतिसाव्या दिवशी येतो." बाईंनी ताटात वाढलेलं तसंच ठेवलं आणि म्हणाल्या, "मला गाडीचं काही नाही हो. पण एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझ्या गाडीत बसावं आणि मी त्याला पोचवावं. एवढ्यासाठी मी तीनदा परीक्षा दिली." आपल्या टेपमुळे हे झालं, हे निरीक्षकांना कळत होतं. फक्त टेप चुकला होता असं त्यांना अजून वाटत नव्हतं. जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, ॲपच्या अटी पुन्हा पहिल्यापासून काढल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कलम एक्केचाळीसवर बोट ठेवलं. 'वाहतुकीत सामान फुटल्यास पडताळणी अधिकारी प्रत्यक्ष येऊन वाहनाची योग्यता तपासतील.'

"प्रत्यक्ष! म्हणजे माणूस येईल?" बाई उठून उभ्याच राहिल्या. "मग दाबते एक. सामान फुटलं."

"फुटलं कुठे आहे?"

"अहो, फुटलं असं समजा."

"समजायचं नाही. फुटायला हवं."

झालं. खरोखर काहीतरी फोडायचं ठरलं. बँकवाले काकांनी आनंदानं आपला एक कप दिला. त्यांना तो बँकेनं निरोपसमारंभात दिला होता, आणि इतर सहकाऱ्यांना घड्याळं मिळाली होती. काकांनी कपाचं बुकिंग केलं, कोपऱ्यावरच्या पोस्टापर्यंत. मालवाहू गाडी सगळ्यात जवळची म्हणून बुकिंग बाईंनाच आलं. कप मागच्या सीटवर मोकळा ठेवला. बाईंनी एकही खड्डा चुकवला नाही. ज्या गतिरोधकांवर आजवर गाडी फुलासारखी उचलून ठेवली होती, त्यांवरून ती घोड्यासारखी नेली. पोस्ट आलं. कप जसाच्या तसा.

दुसरी फेरी. तिसरी फेरी. पाचव्या दिवसापर्यंत सहा फेऱ्या झाल्या. पोस्टातली माणसं ओळखू लागली. कपाचा टवकाही उडाला नव्हता. बँकेनं आयुष्यात एकच वस्तू मजबूत दिली, ती आपल्यालाच, म्हणून काकांना आता त्याचा अभिमान वाटायला लागला होता. "हाच मी रोज चहाला काढणार," ते म्हणाले. सातव्या फेरीला निरीक्षक बरोबर गेले. कप मूळ जागेपासून किती सरकतो हे मोजावं, म्हणजे वेग ठरवता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या सीटवरून मागे वळून ते माप घेत होते, गाडी खड्ड्यात गेली, त्यांच्या हातातून पोलादी टेप सुटला आणि बरोबर कपावर पडला. कपाचे चार तुकडे झाले.

बाईंनी गाडी थांबवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात असं प्रेमानं त्यांनी त्यांच्याकडे फारच थोड्या वेळा पाहिलं होतं.

"वाहतुकीत फुटला," निरीक्षक म्हणाले. "दाब एक."

पडताळणी अधिकारी आला तो तिसाव्या दिवशी, दुपारी तीनला. अंगानं भरलेला, घामाघूम, हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. बाईंना त्याला बघून इतका आनंद झाला, की आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली, मग पुन्हा पाणी दिलं. गेल्या महिन्याभरात ॲपच्या वतीनं समोर आलेला हा पहिला जिवंत माणूस होता. बाईंनी सगळी कहाणी सांगितली. त्यानं ऐकून घेतली आणि टॅबलेट वाचून म्हणाला,

"पण मागे माणूस बसत नाही असं तुम्हीच लिहिलंय."

"ते चुकून लिहिलं."

"चुकून नाही," निरीक्षक म्हणाले. "मी मोजलंय. बसत नाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले. बँकवाले काका जिन्यात उभे होते, त्यांनीही मिटून घेतले.

"तसं नसतं साहेब," अधिकारी म्हणाला. "गट बदलायचा तर नियम साधा आहे. मागच्या सीटवर प्रौढ माणूस बसल्याचा फोटो लागतो. बसा तुम्ही, मी काढतो."

"मी बसणार नाही. मी बसलो तर माझं माप खोटं ठरेल, आणि नाही बसलो तर हिचं नुकसान. मी दोन्ही बाजूंनी अडकलेला साक्षीदार आहे."

काकांनी जिन्यातूनच आपला कंबरदुखीचा पट्टा दाखवला. बाईंनी स्वतः बसायचं म्हटलं, तर चालकाचा फोटो चालत नाही. घड्याळात सव्वातीन झाले. अधिकाऱ्याला पुढे आणखी चार ठिकाणी जायचं होतं, आणि त्यात त्यानं निरीक्षकांच्या तोंडाकडे पाहिलं. बसतच नाही म्हणजे काय, असा एक भाव त्याच्या चेहऱ्यावर आला. शहाणी माणसं याच भावापायी फसतात.

"इतकं काही नाही हो. बघा, मी बसून दाखवतो," असं म्हणून त्यानं सीट वाकवली, श्वास आत घेतला आणि तो मागे शिरला. आधी डोकं गेलं, मग खांदे तिरपे गेले, मग उरलेला ऐवज हप्त्याहप्त्यानं गेला. बाईंनी त्याच्याच टॅबलेटवर फोटो काढला आणि टॅबलेट खिडकीतून त्याच्या हातात दिला. फोटोत गुडघे आणि चेहरा एकाच उंचीवर आले होते, पण माणूस होता आणि बसलेला होता. पुढची सीट आपली आपण सरळ झाली. बाईंनी ती पुन्हा वाकवायला बटण दाबलं.

'अपडेट सुरू आहे. गाडी चालवता येईल. आसनं हलणार नाहीत.' दोन टक्के.

आतून आवाज आला, "म्हणजे?"

"म्हणजे शोरूमला जावं लागेल," बाई म्हणाल्या. "अकरा किलोमीटर."

"मग चला ना! बघताय काय?"

बाईंनी किल्ली हातात घेतली, दार उघडलं, आणि थांबल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कधी कुणाची गाडी अडवली नव्हती. पण आज तिसावा दिवस होता.

"बुकिंग?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"बुकिंगशिवाय माणूस नेला की परवाना जातो. तुमचंच कलम बारा."

"अहो बाई, मी कंपनीचा माणूस आहे!"

"माणूस आहात, तोच तर प्रश्न आहे. माझी गाडी मालवाहू आहे. माल म्हणून नेऊ का? वजन भरा."

अधिकाऱ्यानं खरोखर वजन भरलं. अडचणीतला माणूस काय करील सांगता येत नाही. ॲप म्हणालं, 'या वाहनास साठ किलोच्या वरील एक नग चालत नाही.' मग त्यानं टॅबलेट गुडघ्यांवर टेकवला, फोटो चढवला, मंजुरीचा शिक्का मारला आणि गाडीचा गट बदलला. महिनाभर जे हललं नव्हतं, ते आतल्या माणसाच्या पायांना मुंग्या आल्यावर चार मिनिटांत हललं. त्यानं मोबाइलवर स्वतःच्या नावानं बुकिंग केलं. ॲपनं दुसरीच गाडी पाठवली. तो ड्रायव्हर आला, प्रवासी एका बंद गाडीच्या आत बसून आपल्याला हात करतो आहे हे त्यानं पाहिलं, आणि काही न विचारता बुकिंग रद्द करून निघून गेला.

दुसऱ्यांदा बुकिंग केलं तेव्हा बाईंचा फोन वाजला. मालाच्या बुकिंगला टक असा आवाज यायचा. हा वेगळाच होता, तीन सुरांचा. महिनाभरात तो त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. पडद्यावर लिहिलं होतं, 'प्रवासी वाट पाहत आहे.' बाईंनी हात पदराला पुसल्यासारखे ओढणीला पुसले आणि गाडी सुरू केली. पंच पुढच्या सीटवर वही घेऊन बसले.

बाईंनी आरशात पाहिलं. इतके दिवस तिथे शिडीचे पाय, गादीची शिवण, पाण्यात हलणारे मासे असलं काहीबाही दिसायचं. आज माणसाचा चेहरा होता. लाल झालेला, वैतागलेला, कपाळावर घाम साचलेला, पण चेहरा होता आणि तो कुठेतरी पोचायची वाट बघत होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना फार बरं वाटलं, इतकं की गतिरोधक आला तेव्हा त्यांनी गाडी फुलासारखी उचलली आणि फुलासारखी ठेवली.

वाटेत अधिकारी अहवाल लिहू लागला. लिहिताना ओठ हलवायची त्याला सवय होती. "मागील आसनावर... एक प्रौढ व्यक्ती... बसू शकते."

"बसू शकते, उतरू शकत नाही," निरीक्षक म्हणाले. "पूर्ण लिहा."

"अहो!" बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं 'बसू शकते'वरच पूर्णविराम दिला. आपण मोजलं ते बरोबर होतं, हे सिद्ध झाल्यामुळे असेल, निरीक्षकांनीही पुढे वाद घातला नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि जरा वेळानं हळूच म्हणाले, "चांगली चालवतेस तू."

शोरूममध्ये मेकॅनिकनं वायर लावली. सीट वाकली. अधिकारी बाहेर आला, एकेक सांधा सरळ करत उभा राहिला आणि आपल्याला दोन पाय आहेत याची खात्री करून घेऊ लागला. ॲपनं त्याला विचारलं, 'आपला प्रवास कसा झाला?' त्यानं बाईंकडे पाहिलं आणि तीन तारे दिले.

"दोन का कापले?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही गुडघ्यांचे," तो म्हणाला आणि लंगडत रिक्षा शोधायला गेला.

निरीक्षकांनी वही उघडली. इच्छेनं बसला होता, त्याला कुणी ढकललं नव्हतं. बुकिंग स्वतःच्या नावानं होतं. ठरल्या ठिकाणी उतरला होता, उशिरा का होईना. त्यांनी तिन्ही मुद्द्यांपुढे खूण केली, खाली 'ग्राह्य' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि वही बायकोपुढे धरली. बाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि भर शोरूममध्ये नवऱ्याचा हात धरला. निरीक्षकांनी आजूबाजूला पाहिलं, पण हात काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई आले. काखेत सीट कव्हरांचा गठ्ठा, चेहऱ्यावर तीच सालस काळजी. त्यांना वही दाखवण्यात आली. त्यांनी ती शांतपणे वाचली, खूप आनंद झाल्याचं सांगितलं, गठ्ठा कुठे ठेवावा ते न कळून मांडीवर घेऊन बसले आणि चहा झाल्यावर उठले.

"निघतो आई. येताना बसनं आलो होतो. जाताना गाडी असेल म्हणून परतीचं काही केलं नव्हतं."

"मग सोडते ना मी स्थानकावर," बाई किल्ली घेऊन उठल्या. "फक्त बुकिंग करा हं, जावईबापू. माणूस तसाच नेता येत नाही."

जावयांनी दारात उभं राहून निमूटपणे बुकिंग केलं. बाईंचा फोन तीन सुरांत वाजला. जावई सवयीनं पुढच्या दाराकडे वळले.

"पुढे नका बसू. पुढे हे बसतात, वही घेऊन," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सीट वाकवली. "प्रवासी मागे."

जावई चांगले सहा फूट उंच. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं, सासऱ्यांच्या हातातल्या टेपकडे पाहिलं, आणि फार अदबीनं विचारलं, "आई, नंतर उतरता येतं ना?"

"येतं," बाई म्हणाल्या. "कालच एक जण उतरला."